मुलाखत बंद

लॉकडाऊन लागला तशी जेलमधली मुलाखत बंद झाली. भेटीला कुणी यायचं नाही. त्याऐवजी आठवड्यातून एकदा, पाच मिनिटं फोन. दौंडजवळच्या एका वसतिगृहात कच्च्या कैद्यांसाठी तात्पुरतं जेल केलं होतं. एका खोलीत अठरा जण. फिनेलचा उग्र वास, बंद खिडक्या, आणि कुणी खोकलं की बाकीची तोंडं भिंतीकडं.

पाटसचा गोकुळ तिथं महिनाभर होता. दारूच्या नशेत त्यानं सख्ख्या भावाचं डोकं फोडलं होतं. कोरोनामुळं भराभर जामीन होत होते. त्याचा अर्ज मात्र फेटाळला गेला होता.

त्या सोमवारी दुपारी त्यानं घरी फोन लावला. लेकीनं, प्रांजलनं उचलला.

"कोण?"

"अगं मी, पप्पा."

"पप्पा तर जेवायला बसलेत," ती म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला.

संध्याकाळी हवालदार साहेबराव गिनतीला आले. दारातूनच त्यांनी नावं वाचली. गोकुळचं नाव आलंच नाही.

"साहेब, मी राहिलो."

साहेबरावांनी रजिस्टर चाळलं. "गोकुळ? त्यो मंगळवारीच जामिनावर सुटला."

खाली सही होती. शेवटच्या 'ळ'ला उलटी शेपटी काढायची गोकुळची सवय. ती शेपटीसुद्धा होती.

"आवं, मी हितं उभा हाय की!"

साहेबरावांनी डोकी मोजली. बोट गोकुळपाशी आलं आणि न थबकता पुढं सरकलं. "सतरा. बरोबर हाय."

जेवणाची ताटं सतराच आली. कैद्यांनी आपापल्या वळकट्या त्याच्यापासून लांब ओढल्या. शेजारी झोपणाऱ्या शिरूरच्या विक्रमचा त्यानं दंड धरला, तर विक्रमनं हात झटकला.

"सुटलास ना? मग जा की! हितं कशाला घुटमळतोस?"

आठवडाभर दुसरं कुणी त्याच्याशी बोललं नाही.

पुढच्या सोमवारी तो रांग मोडून सरळ फोनपाशी गेला. कुणी हटकलं नाही. फोन बायकोनं उचलला.

"नीलम, घरात कोण हाय त्यो?"

ती दबक्या आवाजात म्हणाली, "पयल्याच दिवशी वळखलं मी. ते तुम्ही न्हाई."

"मग हाकल त्याला!"

"कशापायी? पीत न्हाईत. हात उगारत न्हाईत. पोरगी त्यांच्या ताटात जेवती. आता हितं फोन करू नका."

पण फोन बंद करायचं तिच्याकडून राहून गेलं.

पलीकडं प्रांजल खदखदून हसत होती. तिला असं हसताना गोकुळनं कधी ऐकलं नव्हतं.

तिच्याबरोबर एक पुरुषही हसत होता.

ते हसू गोकुळनं ओळखलं.

त्यानं मास्क खाली ओढला आणि तोंडाला हात लावून पाहिलं. ओठ मिटलेले होते.