कोरा रकाना

सिग्नल लाल झाला, तिने ब्रेक दाबला आणि गाडीच्या छतातून भांडंभर पाणी थेट तिच्या डोक्यावर आलं. बाहेर लख्ख ऊन होतं. पाऊस पहाटेच थांबला होता.

ती दातांची डॉक्टर, गाडीच्या काचेवर तसं चिन्हही होतं. पहिला पेशंट साडेनऊचा, आणि घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं. पाण्याचा ओघळ कानामागून मानेवर उतरत असताना काचेवर टकटक झाली. शेजारी सायकलवरून एक पाय जमिनीला टेकवून एक माणूस उभा होता. निळा शर्ट, खिशाला छोटी टॉर्च. तिने काच खाली केली. हा आता हसणार, असं तिला वाटलं. तो हसला नाही.

"पाणी ब्रेक मारल्यावर पडलं की वळताना?"

"काय?"

"वळताना पडलं तर बाजूचं बघावं लागेल. ब्रेकला पडलं तर पुढचे कोपरे."

"ब्रेकला," ती म्हणाली. मग तिला राग आठवला. "आणि तुम्ही कोण?"

"सनरूफची गळती काढणारा." सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न सुरू झाले. त्याला घाई नव्हती. "पुलापलीकडे गॅरेज आहे. ठिबक कुठंय म्हणून विचारा, मला तेच म्हणतात. आणि तोवर फटीत सिलिकॉन-बिलिकॉन भरू नका."

टाचणीने दात कोरू नका, हे ती पेशंटला ज्या सुरात सांगायची, तोच हा सूर. दिवसभर तो तिच्या कानात राहिला.

संध्याकाळी ती गॅरेजमध्ये गेली. दाराशीच मालकीण बसायच्या. त्यांना सगळे मावशी म्हणत. त्यांच्या डोक्यावर एक काळा फळा होता. पाच मिस्त्री, पाच रकाने. दुरुस्त केलेली गाडी त्याच तक्रारीसाठी परत आली, की तिचा नंबर त्या मिस्त्रीच्या नावाखाली खडूने लिहायचा, अशी तिथली रीत. ठिबकचा रकाना सहा वर्षं कोरा होता. इतका, की तिथल्या खिळ्याला लोक बिनधास्त हात पुसायचा पंचा अडकवत.

"सनरूफ पाणी अडवत नाही, डॉक्टर," छताची काच मागे सरकवत ठिबक म्हणाला. "सगळ्यांचा घोळ होतो तो इथेच. कडेच्या रबरातून थोडं पाणी येणारच, ते धरून चाललेलं असतं. म्हणून काचेखाली ही पन्हळ. हिच्या चार कोपऱ्यांतून चार नळ्या निघतात आणि दारांजवळच्या खांबांतून खाली उतरतात. आलेल्या पाण्याला जायला वाट हवी, बस."

"आणि वाट तुंबली की डॉक्टरच्या डोक्यावर."

"डॉक्टर होतात म्हणून. एरवी कोणाच्याही."

ती हसली. त्याने औषधाच्या मापाने पुढच्या उजव्या कोपऱ्यात पाणी सोडलं आणि तिला पुढच्या दारामागे, बिजागराशी उकिडवं बसवलं. "आलं की सांगा." काही क्षणांनी तिथून थेंब टपकले. "आलं," ती म्हणाली. मग डावा कोपरा. ती त्या बाजूला जाऊन वाट बघत राहिली… काहीच आलं नाही. वर पाणी तळ्यासारखं उभं.

मग त्याने गवत कापायच्या यंत्रातली नायलॉनची दोरी घेतली, तिचं टोक काडीच्या आचेवर गोल केलं आणि नळीत सरकवायला लागला. डोळे मिटून. अडलं की थांबायचा, किंचित मागे घ्यायचा, बोटांत फिरवायचा, पुन्हा पुढे. आठ वर्षं ती दाताच्या मुळात सुई घालून हेच करत आली होती. असा हात तिने कॉलेजात एकाच म्हाताऱ्या सरांचा पाहिला होता. खालून काळ्या चिखलाची गोळी, झाडाच्या दोन बिया आणि मागोमाग स्वच्छ पाणी आलं.

"आलं," ती हळूच म्हणाली.

"तुमची गाडी झाडाखाली उभी असते," तो डोळे उघडत म्हणाला. "सहा महिन्यांनी पन्हळ ओल्या फडक्याने पुसायची, रबराला गाडीवाले देतात ते ग्रीस पुसटसं लावायचं आणि असंच मापभर पाणी ओतून बघायचं. एवढंच."

सहा महिने. तिला ते फार वाटले.

पुढच्या तीन आठवड्यांत तिने पन्हळ चार वेळा पुसली. घरी आई म्हणाली, "गाडीचे एवढे लाड? कोणाची नजर लागली की काय तिला?" विसाव्या दिवशी पन्हळीत एक पान दिसलं आणि डॉक्टरच्या अंगात डॉक्टर संचारली. दवाखान्यात दात सुकवायला दाबाची हवा होती. गाडी मागच्या खिडकीखालीच. तिने खिडकीतून लांब नळी ओढून घेतली आणि पुढच्या डाव्या कोपऱ्यात हवा मारली. कुठेतरी 'टक्' असा आवाज झाला. निघाली घाण, असं म्हणून ती खूश झाली.

दुसऱ्या रात्री अवकाळी पाऊस पडला आणि सकाळी पायाखालचा गालिचा पिळून काढण्याइतका ओला निघाला. ओल्या गालिच्यावर पाय ठेवून कोणी आनंदाने हसलं असेल, तर ती पहिलीच. जायला निमित्त मिळालं होतं.

ठिबकने खांबावरचं अस्तर काढलं आणि टॉर्च मारली. नळी सांध्यातून निखळून लोंबत होती. त्याने एकदाच तिच्याकडे बघितलं. मग मावशींना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "सांधा माझ्याकडूनच सैल राहिला असेल."

मावशी सावकाश उठल्या. पंचा बाजूला केला. कोऱ्या रकान्यात तिच्या गाडीचा नंबर लिहिताना खडू दोनदा मोडला.

"एवढं काय मावशी, एक नंबर तर आहे," ती म्हणाली.

"पुढच्या महिन्यात मी लेकीकडे राहायला जातेय, बाई. वर्षअखेर ज्याचा रकाना कोरा, गॅरेज त्याने चालवायचं, असं मी सगळ्यांसमोर बोलून बसलेय. आता कोरा कोणाचाच नाही, मग चाव्या सगळ्यांत जुन्या इंजिनवाल्याकडे."

इंजिनवाला बॉनेटमधून डोकं काढून म्हणाला, "मला नकोत असल्या चाव्या. ठिबकचा सांधा आपोआप निखळत नाही. दाबाची हवा मारल्याशिवाय तर नाहीच."

"तू तुझं इंजिन बघ," ठिबक म्हणाला.

त्याला कळलं होतं. बघताक्षणीच. पाच मिस्त्र्यांसमोर आपली फजिती होऊ नये म्हणून या माणसाने सहा वर्षांचा कोरा रकाना खडूखाली दिला होता. गप्प बसणं सोपं होतं. गाडी घ्यायची आणि जायचं…

"मावशी, हवा मी मारली."

सगळ्यांच्या हातातले पाने थांबले.

"दवाखान्यातली. दात सुकवायची. मला वाटलं, मला जमतं." तिचे कान तापले होते. "यांनी फडकं आणि पाणी एवढंच सांगितलं होतं. सांधा पक्का होता. 'टक्' झालेलं मी ऐकलंय."

मावशींनी चष्म्यावरून आधी तिच्याकडे, मग ठिबककडे पाहिलं. "आणि तू रे गाढवा? तोंडात दात नाहीत?"

"आहेत," ठिबक म्हणाला. "पण दाखवायचे कोणाला, हे ठरत नव्हतं."

इंजिनवाला खो-खो हसला. मावशींनी ओलं फडकं घेतलं आणि रकाना पुसला. "पण गाडी परत आली हे खरंय. फळ्यावर खोटं चालत नाही. हा नंबर लिहू कुठे?"

डॉक्टरने त्यांच्या हातातून खडू घेतला. पाचव्या रकान्याशेजारी एक उभी रेघ ओढली, वर 'डॉक्टर' असं लिहिलं आणि खाली स्वतःच्या गाडीचा नंबर. तिचं अक्षर वाईट होतं, डॉक्टरांचं असतं तसं, पण वाचता येत होतं.

ठिबक नळी बसवायला वळला. सांधा दाबताना त्याच्या बोटांना एरवी लागतो त्याच्या दुप्पट वेळ लागला.

"तुम्ही बोलला का नाहीत?" तिने दाराआडून, बिजागराशी उकिडवं बसत विचारलं.

"बोललो असतो तर तुम्ही लाजून दुसऱ्या गॅरेजला गेला असता."

"आणि चाव्या?"

"चाव्या काय, इंजिनवाल्याकडेही बऱ्या राहिल्या असत्या." त्याने वरून पाणी सोडलं. "आलं की सांगा."

थेंब केव्हाच टपकायला लागले होते. ती बराच वेळ काही बोलली नाही. त्यानेही विचारलं नाही.

वर्षअखेरीला चाव्या ठिबकला मिळाल्या. पुढे चार महिन्यांनी मावशी लेकीकडून भेटायला आल्या, फळ्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. शेवटच्या रकान्यात एकच नंबर सतरा वेळा लिहिला होता.

"अरे, डॉक्टरची गाडी सतरा वेळा परत आली? एवढी गळते?"

"गळत नाही मावशी," पंच्याला हात पुसत ठिबक म्हणाला. "नुसती येते."