वरचे तीन उद्या

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. पण माझी भीती साधी. गॅस बंद केला का, ठकी जिन्याकडे तर गेली नाही ना, तिचं कपाळ आज जरा कढत लागतंय का, असली. अंधाराला किंवा मेलेल्या माणसाला मी कधी घाबरले नाही, आजही घाबरत नाही. म्हणून जे सांगते ते नीट बघून, दोनदा तपासून सांगते. जवळ बसा, आणि मधे बोलू नका.

रोज सकाळी दहाला माझ्या लेकीला, ठकीला, कडेवर घेऊन मी मामांच्या स्टुडिओत जायचे. मामा म्हणजे माझे मामेसासरे. एका जुन्या इमारतीच्या तळघरात त्यांचा गाणी रेकॉर्ड करायचा स्टुडिओ. अकरा पायऱ्या उतरायच्या, जाड दार ढकलायचं, की बाहेरचा दिवस बाहेरच राहायचा. आत भिंतींना काळा फोम. तिथे टाळी वाजवली तर टाळी हातातल्या हातात मरते. वास असायचा तापलेल्या मशीनचा आणि बरेच दिवस न उघडलेल्या कपाटाचा.

मी तिथे केर काढायला लागले होते. एकदा फरशी पुसताना कॉम्प्युटरकडे नजर गेली. मामांनी वाजवलेले सूर पडद्यावर चौकटींत बसलेले, हिरव्या विटांसारखे. भरतकामाचा कागद असतो ना चौकटींचा, तस्सा. त्यातली एक वीट रेघेच्या केसभर मागे होती.

“मामा, हा टाका चुकलाय,” मी म्हटलं.

मामांनी चष्मा वर केला. ऐकून बघितलं. मग म्हणाले, “सूनबाई, फडकं ठेव आणि इकडे बस.”

माझी शाळा सातवीपर्यंतची. पण टाका मला कळतो. सहा महिन्यांत मी सगळं शिकले. वाजवलेले सूर रेघेवर आणायचे, नको ते कापायचे, मग सगळं नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये पाठवायचं. ते सॉफ्टवेअर प्रत्येक वाद्याला पाच रेघांची एक ओळ देतं आणि तिच्यावर बेडकाच्या पिल्लांसारखे सूर लिहून काढतं. ते कागद छापून वादकांच्या हातात द्यायचे. बोटं माऊसवर आणि एक डोळा ठकीवर.

ठकी तेव्हा सोळा महिन्यांची. मोठ्या डाव्या स्पीकरच्या पुढ्यात सतरंजीवर बसायची. ती बोलत नव्हती. बोलणं राहू द्या, हाक मारली तर वळायची नाही. मी तिच्या पाठीमागे पळी पाडायचे, डबा आपटायचे. पोरगी आपली सतरंजीचे धागे उपसतेय.

जाऊबाई म्हणाल्या, “आईच इतकी बोलते, त्या बिचारीला बोलायला जागा कुठे आहे?” सगळे हसले. मीही हसले. मग मोरीत जाऊन नळ सोडला आणि हवं तेवढं रडून घेतलं. कानांच्या दवाखान्यात नाव घातलं होतं, पण तारीख दोन महिन्यांनंतरची मिळाली. तोवर मला रात्रंदिवस एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. माझ्या मुलीला ऐकू येतं की नाही?

त्याच दिवसांत गजआजोबा यायला लागले. व्हायोलिन वाजवणारे म्हातारे. गज, म्हणजे तारांवर फिरवायची ती काडी, त्यांच्या हाताला असा चिकटलेला, की सगळे तेच नाव घ्यायचे. मामांना त्यांचं व्हायोलिन कॉम्प्युटरमध्ये भरायचं होतं. म्हणजे एकेक सूर वेगळा वाजवायचा, हळू, मध्यम आणि जोरात. तो कापून एकेका पट्टीवर बसवायचा. नंतर कुणीही कीबोर्डची पट्टी दाबली, की आजोबांचं व्हायोलिन वाजणार.

“म्हणजे मी मेल्यावरही फुकट राबायचं,” आजोबा म्हणाले.

“फुकट कसं? आठ कप चहा झालाय सकाळपासून,” मामा म्हणाले.

आजोबांची एक खोड होती. प्रत्येक सुराआधी ते गजाची काडी स्टँडवर दोनदा टेकवायचे. टक, टक. मग छातीभर श्वास घ्यायचे. मग सूर. मामा कपाळाला हात लावायचे. “अहो, हे सगळं कापत बसावं लागतं आम्हाला!” आजोबा हो म्हणायचे आणि पुन्हा टक, टक.

जेवणाच्या सुट्टीत ते ठकीसमोर मांडी घालून बसायचे. एकदा मी न राहवून म्हटलं, “आजोबा, तिला ऐकू येत नसावं बहुतेक.”

त्यांनी मान हलवली. “येतं की. तिला अजून कुणी नीट हाक मारलेली नाही, एवढंच.” मग बोटानं सतरंजीवर टक, टक केलं आणि तिच्याकडे बघत श्वास घेतला. ठकी धागे उपसत राहिली. “मी शिकवतो तिला ऐकायला. हे काम संपू दे. मग मी मोकळाच आहे.”

आठवा दिवस उजाडला. सगळ्यात वरच्या पट्ट्यांचे तीन सूर राहिले होते. आजोबांची बोटं थरथरायला लागली. त्यांनी व्हायोलिन पेटीत ठेवलं.

“वरचे तीन उद्या,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता आम्ही वाट बघत होतो. साडेदहाला शेजाऱ्यांचा फोन आला. झोपेतच गेले होते.

मामा दोन दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, “काम पुरं करू. वरच्या तीन पट्ट्या रिकाम्याच राहू देत. शेजारचा सूर ताणून तिथे बसवता येतो, पण ते सोंग होईल.” आणि मला सांगितलं, “सूनबाई, टकटक आणि श्वास तेवढे काप.”

मी कापायला बसले. चारशेच्या वर तुकडे निघाले. टक, टक आणि श्वास, टक, टक आणि श्वास. कापलेलं पुसून टाकायचं, अशी रीत. पण माझ्याच्यानं होईना. माणूस जाऊन आठवडा झालेला नाही आणि मी त्याचा श्वास पुसू? मग मी सगळ्यात खाली एक नवा ट्रॅक उघडला, सगळे तुकडे एकापुढे एक त्याच्यावर टाकले आणि त्याला नाव दिलं ‘केर’. आवाज बंद करायचं पिवळं बटण दाबलं. बटण दाबलं की तो ट्रॅक वाजत नाही, त्याची आवाज दाखवणारी पट्टी हलत नाही, काही नाही. मामांना मी हे बोलले नाही.

चार दिवसांनी, दुपारी. मामा बाहेर गेले होते. मी कापलेले सूर तपासत होते. शेवटचा सूर संपला. पुढे केराचा ट्रॅक तेवढा लांब होता, म्हणून पडद्यावरची रेघ गुपचूप पुढे सरकत राहिली. खोलीत पंख्याचीसुद्धा घरघर नव्हती.

आणि ठकीनं मान वळवली.

डाव्या स्पीकरकडे. हातातला धागा तसाच. तोंड थोडं उघडं... आणि मग ती हसली.

मी रेघ थांबवली. ठकीचं हसू विझलं. तिनं माझ्याकडे बघितलं, बोलणाऱ्याचं तोंड मधेच दाबणाऱ्याकडे बघावं तसं.

मी पुन्हा सुरू केलं. ठकी वळली.

आता ऐका, मी काय काय केलं. पिवळं बटण बघितलं, ते दाबलेलं होतं. स्पीकरच्या जाळीवर हात ठेवला. थरथर नाही. कान लावला. काही नाही. ठकीच्या मागे उभी राहिले, म्हणजे माझ्याकडे बघून वळायला नको. मग बाकीचे ट्रॅक एकेक करून चालवले, भसाभस आवाजात. व्हायोलिन, ढोल, तुतारी. पोरगी धागे उपसतेय. सगळे बंद केले आणि फक्त केर चालवला, तोही बंदच. ठकी वळली. अकरा वेळा केलं. अकराही वेळा वळली.

तुम्ही म्हणाल, भीती नाही वाटली? खरं सांगते. मला आनंद झाला. मी तिला उचलून घट्ट धरलं आणि तिच्या केसांत म्हटलं, “येतं ग बाई तुला, ऐकू येतं!” तेव्हा खांद्यावर तिचं बोट लागलं. टक, टक. आणि तिची छोटी छाती श्वासानं भरली.

मामा आल्यावर मी सगळं सांगितलं. ते खुर्चीत बसले.

“केर पुसून टाक,” ते म्हणाले.

“का?”

“फाइल जड होते.”

“मामा, माझ्याकडे बघून सांगा.”

त्यांनी बघितलं नाही. “सूनबाई... आम्ही या धंद्यात नको ते पुसायला शिकतो. उगाच ठेवू नये.”

“मी नाही पुसणार,” मी म्हटलं. मोठ्यांना मी असं कधी बोललेले नाही. पण त्या दिवशी माझा आवाज हलला नाही.

दवाखान्याची तारीख आली. तिच्या आदल्या दिवशी मी सगळं काम नोटेशनला पाठवलं आणि केरावरची ‘हेही पाठवा’ची खूण काढायची विसरले. छापून आलेला कागद बघते, तर व्हायोलिनच्या खाली आणखी एक ओळ. नाव, केर. आता श्वासाला सूर नसतो. सॉफ्टवेअरनं तिथे नुसत्या विश्रांतीच्या खुणा द्यायला हव्या होत्या. पण ओळभर सूर होते. सोपे, दोन-दोनचे, पहिल्या दिवशी पोराला शिकवावेत तसे. दोन सूर आणि थांबा. दोन सूर आणि थांबा. थांब्यावर श्वासाची खूण असते, स्वल्पविरामासारखी. प्रत्येक थांब्यावर ती होती.

मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. केराच्या ट्रॅकची फाइल मोबाइलवर घेतली. बंद ट्रॅकची फाइल, म्हणजे वीस मिनिटं नुसती शांतता.

दवाखान्यात ठकीला औषध देऊन झोपवलं. कपाळाला आणि कानांमागे तारा चिकटवल्या. कान तपासणाऱ्या बाई कानात बारीक टिकटिक सोडत होत्या आणि पडद्यावर रेघ बघत होत्या. झोपेतही मेंदू ऐकतो, त्या म्हणाल्या. ऐकलं की रेघ उठते. डावा कान झाला. उजवा झाला. आवाज वाढवला, आणखी वाढवला. रेघ आडवीच.

बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. “ताई, दोन्ही कान... घाबरू नका, मशीन मिळतं, लवकर लावलं तर...”

“एकदा हे लावून बघा,” मी मोबाइल पुढे केला.

त्यांनी आधी आपल्या कानाला लावला. “अहो, यात तर काहीच नाही.”

“तिच्या डाव्या कानाला लावा.”

माझं मन राखायला म्हणून त्यांनी लावला. मी पडद्याकडे बघत होते. रेघ आडवी. आडवी. मग उठली. दोन शेंडे, जवळजवळ, आणि खाली. पुन्हा दोन शेंडे.

बाई पुढे वाकल्या. तारा चाचपल्या. “आवाज किती ठेवलाय?” त्यांनी कुजबुजत विचारलं.

“आवाज नाहीच त्यात.”

“मग हे काय...”

गाढ झोपलेल्या ठकीचं बोट गादीवर हललं. दोनदा.

बाईंनी मोबाइल झटकन बाजूला केला. मग रिपोर्टवर लिहिलं, ‘दोन्ही कानांनी ऐकू येत नाही.’ दाराशी सोडायला आल्या तेव्हा हळूच म्हणाल्या, “ती फाइल... परत नका लावू तिला.”

कानांची मशीनं आली. ठकी ती लावते, आणि आता माझ्या हाकेला कधी कधी वळते. उशिरा का होईना, बोलेल. मला खात्री आहे. मी आई आहे, माझा टाका चुकत नाही. आणि केर मी पुसलेला नाही. आजोबांनी शब्द दिला होता, तो त्यांनी पाळला. माणसाचं ऋण विसरू नये.

फक्त एक गोष्ट आहे, ती मी मामांना दाखवलेली नाही.

मी दर सोमवारी केराची ओळ छापून बघते. परवाच्या कागदावर तिच्याखाली आणखी एक ओळ आली आहे. तिला नाव नाही. तिचा कुठे ट्रॅकच नाही, मी तीनदा शोधला. वरच्या ओळीत दोन सूर आणि थांबा. त्या थांब्यात खालची ओळ उत्तर देते. अडखळत, पण देते. आणि ती सगळी ओळ फक्त तीन सुरांत आहे. सगळ्यात वरच्या तीन.

मी कीबोर्डजवळ गेले. ठकी मांडीवर होती. वरच्या तीन पट्ट्यांपैकी पहिली दाबली. आवाज नाही, कारण तिथे काही भरलेलंच नाही. दुसरी दाबली. नाही. तिसरीवर बोट ठेवलं, तेव्हा ठकीनं आपल्या कानांतली मशीनं एकेक करून काढली, माझ्या हातात दिली, आणि माझ्या बोटावर आपलं बोट ठेवलं.

टक, टक.

मग तिनं श्वास घेतला. एवढ्याशा छातीत मावणार नाही, इतका लांब.