पाठच्यांची यादी

माझं अक्षर बरं आहे. माझ्या हातून चांगलं झालेलं काही दाखवायचं तर मी तेवढंच दाखवू शकेन. शाळेतून निवृत्त झाल्यावर मिठबावच्या वाचनालयात बसून फाटक्या पुस्तकांना पुठ्ठे लावायचो. १९६२च्या एप्रिलमध्ये दाजी कातवणकर तिथे आले, तेही या अक्षरासाठीच.

कातवणकरांच्या घरात सत्ता नवी नव्हती. दाजींचे आजोबा रावजी खोत होते, वडील सखोबा लोकल बोर्डावर गेले, आणि दाजीही गेले. आता थोरला मुलगा भाई जिल्हा परिषदेच्या पहिल्या निवडणुकीला उभा राहणार होता. अर्ज भरण्याआधी देवळात गाऱ्हाणं घालायची त्यांच्याकडे रीत होती. देवळातल्या गावकराने देवापुढे सगळ्या पिढ्यांची नावं घ्यायची आणि जमलेल्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं.

"बाबली गावकर थकलो," दाजी म्हणाले. "डोळे गेले, दमय पुरना नाय. औंदा तेचो झील कागद बघून म्हणतलो. तुमी बाबलीकडसून नावा लिवन घेवा. सालाय घाला, म्हणजे कायमचा काम होतला."

मला बरं वाटलं. कुणी काम सांगितलं की मला नेहमीच बरं वाटतं.

बाबली ओसरीत सुपारी कातरत बसला होता. डोळे गेलेले, पण अडकित्ता बोटांना चुकूनही लागत नव्हता. आधी त्याने थोरल्यांची नावं सांगितली. मग आवाज खाली आणून, जरा भरभर, पाठच्यांची, म्हणजे त्यांच्या पाठीवर जन्मलेल्या भावांची.

"रावजीच्या पाठचो बाळा. सखोबाच्या पाठचो तातू. दाजीच्या पाठचो परशुराम. भाईच्या पाठचो गुरुदास. तुझ्या पायाकडे ठेवलेले आसत, म्हाराजा, तेंका सांभाळ."

गुरुदासला मी ओळखत होतो. वय चोवीस, भाईचा धाकटा भाऊ. दर शनिवारी वाचनालयात यायचा आणि उभ्यानेच पुस्तक वाचायला लागायचा. मी लिहून घेतलं.

सालं शोधायला मी गावातलं जन्ममृत्यूचं रजिस्टर आणि दाजींकडचे जुने कागद पाहिले. रावजीला खोतपद मिळालं १८७९ साली. त्याच साली बाळा विहिरीत पडला. सखोबा बोर्डावर गेले त्या साली तातू तापाने गेला. १९३८ साली दाजी निवडून आले, आणि परशुराम मिठबावच्या खाडीत, गुडघाभर पाण्यात सापडला. तिघेही अविवाहित.

त्या काळी माणसं मरतच. तीन उदाहरणांवरून नियम होत नाही, हे मी मुलांना चाळीस वर्षं शिकवलं. तरी मी पुन्हा बाबलीकडे गेलो.

"गुरुदास जिवंत आहे. त्याचं नाव त्या यादीत कसं?"

"माका काय इचारतास? बापाशीन शिकयला तसा म्हणतंय."

"तुझे वडील कधी वारले?"

"साथीच्या तापात. अठरा साली."

अठरा साली गुरुदास जन्मला नव्हता. भाईसुद्धा नव्हता.

मी तोंडातल्या तोंडात हिशेब पुन्हा केला. बाबली माझ्या दिशेने तोंड करून बसला होता. सुपारी कातरायचा थांबला नाही.

चुकलो असेन म्हणून दुर्गाबाईंना, गुरुदासच्या आईला, विचारलं. त्या अंगणात आमसुलं वाळत घालत होत्या.

"धाकट्याचं नाव कोणी सुचवलं, वहिनी?"

त्यांचे हात थांबले. "ता नाव आमी ठेवूक नाय, मास्तरानू. ता आधीच होता."

आणखी काही विचारायचा मला धीर झाला नाही. शनिवारी मात्र मी गुरुदासला म्हणालो, "निवडणूक होईपर्यंत मुंबईला जाऊन ये. मामा आहेत ना तुझे?"

तो हसला. "मास्तरानू, तुमी पुस्तका वाचून वाचून भियाक लागलास! भाईचो प्रचार कोण करतलो? तुमी?"

कुणाला सांगावं? आणि काय सांगावं? मी घरी आलो आणि यादी नव्याने, सुवाच्य लिहिली. पाठचे तीनच लिहिले. आयुष्यात मुद्दाम केलेली माझी ती एकच चूक.

गाऱ्हाण्याच्या दिवशी देवळात पन्नासेक माणसं होती. बाबलीच्या मुलाने माझा कागद वाचला. गुरुदास नारळ फोडून भकलं काढत होता. प्रत्येक नावाला सगळे "होय म्हाराजा" म्हणत होते, तोही म्हणत होता. परशुरामाचं नाव झालं. मुलाने कागदाची घडी केली.

कुणीच हललं नाही.

खांबाला टेकून बसलेला बाबली हळूच म्हणाला, "एक रवलो."

दाजींनी वळून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही.

"आसू दे," ते म्हणाले. "मास्तर बघतले."

तिसऱ्या दिवशी सकाळी दाजी आणि भाई माझ्या घरी आले. सोबत हापूसची करंडी. मी घाबरून खुर्च्या पुसल्या.

"बसा हो, मास्तरानू, तुमीच बसा," दाजी म्हणाले. "गुरुदासाचा लगीन ठरला. तेच्या आवशीन हट्टच धरलो. आता तेचा नाव तेत चलना नाय. तुमी गाळलास ता बरा केलास."

मी चहा ठेवला. साखर दोनदा घातली असेन. कुणाचा तरी जीव माझ्या हातून वाचला होता. असं काही माझ्या हातून होईल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

चहा पिताना दाजी गप्पा मारायला लागले. भाईला मी चौथीत शिकवलं त्याची आठवण काढली. "तुमी घरचेच," म्हणाले. मग तुम्ही एकटेच का, लग्न का केलं नाहीत, मूळ गाव कोणतं. मी तळेऱ्याकडचं गाव सांगितलं. वडिलांचं, आजोबांचं नाव? सांगितलं. जन्मसाल? तेही सांगितलं. दाजींनी एक साल चुकीचं धरलं तर मीच दुरुस्त केलं. हे प्रश्न मी जन्मभर दुसऱ्यांना विचारत आलो होतो. उत्तरं आपसूक येत गेली.

भाईच्या गुडघ्यावर माझाच यादीचा कागद होता.

"आजोबांचं नाव पुन्हा सांगा," तो मान वर न करता, कचेरीत बोलतात तसं म्हणाला.

मी सावकाश, एकेक अक्षर सुटं करून, सांगितलं.