सोडवणी

खरशिंगे वाचनालयात पूर्वी ‘शांतता राखा’ अशी पाटी होती. खुर्ची जराशी सरकली तरी ग्रंथपाल चष्म्यावरून बघत. आता पाटी गेली आणि संध्याकाळी तिथे असा गलबला चालतो की बाहेरच्या भेळवाल्यालाही आरोग्याचं ज्ञान फुकट मिळतं. माणसं जोडीने बसलेली असतात. एक मोठ्याने वाचतो, दुसरा ऐकतो. दोघांच्याही मनगटावर ठोके टिपणारी पट्टी असते.

मन लावून एकच मजकूर ऐकणाऱ्यांची हृदयं हळूहळू एका लयीत येतात, हे शास्त्रज्ञांना आधीच ठाऊक होतं. पुढे असं दिसलं की जोडीने रोज वाचत गेलं तर अडखळणारं हृदय दुसऱ्या धडधाकट हृदयाची लय उचलतं आणि पुस्तक मिटल्यावरही ती टिकते. याला सहस्पंदन म्हणू लागले. मग वाचनालयाने ‘आरोग्य वाचन-आव्हान’ काढलं. आहार, झोप, श्वास अशा विषयांवरचं एक जाड पुस्तक जोडीने पुरं करायचं. बक्षीस म्हणून स्टीलचा डबा.

शालन आणि तिची नणंद इंदू यांनी नाव घातलं ते डब्यासाठी नव्हे. शालनचा नवरा गेल्यावर घरात त्या दोघीच उरल्या होत्या. चाळीस वर्षं त्यांचं पटलं नव्हतं; चहा कोमट झाला एवढं कारणही पुरे व्हायचं. पण इंदूचं हृदय मधेच ठोका चुकवायचं आणि गोळ्या लागू पडत नव्हत्या.

शालन वाचायची, इंदू ऐकायची.

“वहिनी, तू कारल्याचा रस असा वाचतेस की श्रीखंड वाटावं.”

“वन्सं, मधे बोलू नका. ओळ चुकते.”

दिवाळीपर्यंत इंदूच्या गोळ्या निम्म्यावर आल्या. पट्टीत न दिसणारंही काही घडलं. इंदू पहाटे वहिनीसाठी पाणी तापवून ठेवू लागली. शालन तिची वेणी घालू लागली. एकमेकींच्या आधी कोणी जेवेना.

मग बडोद्याहून शालनच्या लेकीचा फोन आला. लग्नानंतर इतक्या वर्षांनी तिला दिवस राहिले होते, आणि आई हवी होती. बडोद्याला निघायच्या आधी शालन एका लग्नासाठी दोनच दिवस सांगलीला गेली, तर इकडे इंदू न्हाणीघरात कोसळली.

आव्हानाची आखणी करणाऱ्या डॉक्टर आसावरी घळसासी यांनी दोघींना बोलावलं.

“वाचणारा दर आठवड्याला बदलायचा, हे पत्रकात मोठ्या अक्षरांत होतं.”

“अहो, पारायण सुरू झाल्यावर वाचणारा बदलतात होय?” शालन म्हणाली. “आमच्या घरी एकदा जो बसला, त्यानेच तडीला न्यायचं.”

“पथ्याचं पुस्तक आहे ते, पोथी नव्हे!”

“मी म्हटलं होतं हिला,” इंदू म्हणाली. “ही पाटावर ठेवून वाचायची. मी म्हटलं, आता कारल्याला नैवेद्य दाखव.”

डॉक्टरांना हसू आलं नाही. वाचणारा बदलला की हृदय लय शिकतं, आवाजाला चिकटत नाही. इथे ते एकाच आवाजाला बांधलं गेलं होतं.

“मग मी सगळं वाचून फोनमध्ये भरून ठेवते. ऐकतील त्या.”

“ध्वनिमुद्रित आवाजाला समोरचं माणूस कळत नाही, शालनताई. तुम्ही त्यांचा श्वास बघून थांबता, पुढे जाता. फोनवरही आवाज किंचित उशिरा पोचतो. तेवढ्याने लय तुटते.”

उपाय एकच होता : सोडवणी. तेच पुस्तक पहिल्या पानापासून परक्या आवाजात ऐकायचं.

डॉक्टर स्वतः वाचायला येऊ लागल्या. शालन स्वयंपाकघरात बॅग भरायला घ्यायची, पण तिचे हात थांबत. पातेलं घासून झालेलं पुन्हा घासायची. दाराशी यायची, परत जायची. छाती धडधडायची. पुस्तक संपलं त्या दिवशी डॉक्टरांनी तिचं मनगट धरलं, पट्टी बांधली आणि आकडे दोनदा तपासले.

“वाचणाऱ्याचंही बांधलं जातं,” त्या म्हणाल्या. “इंदूताई सुटल्या. आता तुमचे ठोके चुकताहेत. अशा स्थितीत मी तुम्हाला प्रवास करू देणार नाही. उद्यापासून तुमची सोडवणी. बाळंतपणाच्या आत पोचाल.”

शालनने इंदूकडे पाहिलं. इंदू पलंगावर बसून स्वतःची वेणी स्वतः घालत होती.

“वन्सं, मी गेल्यावर करमेल ना तुम्हाला?”

“न करमायला काय झालं?” इंदू म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. “जाताना तेवढी फडताळाची किल्ली ठेवून जा. आणि चहा पुन्हा कोमट केलास आज.”

शालन डॉक्टरांकडे वळली. “बरं झालं की असं होतं?”

“हृदय बरं होतं,” डॉक्टर म्हणाल्या. “मायेचं आम्ही अजून काही मोजलेलं नाही.”

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आल्या तेव्हा बॅग भरून दाराशी होती. शालन समोर बसली. डॉक्टरांनी पहिलं पान उघडलं, घसा साफ केला.

“नको,” शालनने पानावर हात ठेवला.

“लेक वाट बघतेय तुमची.”

“ठाऊक आहे हो मला.” तिने हात उचलला नाही. आतल्या खोलीत इंदूने रेडिओ मोठा केला. “पण ती माया एकीच्यात तरी राहू दे.”