मगदूमच्या नोट्स

राजमती चौगुले चिडली की तिच्या नाकाचा शेंडा लाल होतो. त्या दुपारी राजारामपुरीतल्या झेरॉक्सच्या दुकानात तो लालभडक झाला होता. शेजारी उभ्या उंच मुलाच्या हातात चक्क तिच्याच हस्ताक्षरातल्या नोट्स होत्या! इंग्रजी सिमँटिक्स म्हणजे अर्थविचार, त्यातलं प्रेडिकेटचं, विधेयाचं प्रकरण. दोन महिने खपून जुळवलेलं एकेक उदाहरण तिचं. आणि वर जाड स्केचपेननं नाव कुणाचं? वृषभ मगदूम!

"हा मगदूम म्हणजे नेमका कोण?"

"मीच की," तो हसला. "तुमच्याच वर्गात हाय. मागच्या बाकावर. तुम्ही कधी मागं बघितलंच न्हाय."

"चोर!"

त्याचं हसू मावळलं. चाचरत त्यानं सगळं सांगितलं. इथं कागद टाकताना वर आपलं नाव लिहायचं, म्हणजे संध्याकाळी गठ्ठा सापडतो. हातोहात फिरत आलेल्या नोट्सवर त्यानंही तेच केलं. दुकानदाराला वाटलं, लिहिणारा हाच. त्यानं एक प्रत ठेवून घेतली आणि अख्ख्या कॉलेजात 'मगदूमच्या नोट्स' म्हणून वाटल्या.

"आणि सरांनी वर्गात 'मगदूमच्या नोट्स'चं कौतुक केलं, तेव्हा तोंड शिवलं होतं का?"

"इचलकरंजीत शाळेपासून मागंच बसलो... पहिल्यांदा कुणी शाबास म्हणालं. तोंडच उघडलं न्हाय."

"तुमची शाबासकी झाली, माझा सेमिनार गेला! मगदूमचं उतरवलंस म्हणून सरांनी रद्द केला. सोमवारी वर्गात खरं सांगा. मी सांगितलं तर झेपणार नाही तुम्हाला."

बाहेर पाऊस कोसळत होता. ती तरातरा निघाली. तो मागोमाग, हात लांब करून छत्री तिच्या डोक्यावर धरलेली, स्वतः नखशिखांत भिजत.

"एक विचारू? 'गिव्ह'ला तिघं लागतात, तुम्हीच लिहिलंय— देणारा, वस्तू, घेणारा. 'स्लीप'ला एकटा पुरतो. मग... चिडायला किती?"

"दोन. चिडणारी आणि एक गाढव!"

गाढव छत्री धरून बसस्टॉपपर्यंत आलं. बसमध्ये बसल्यावर तिला हसू फुटलं, आणि त्याचा तिला भयंकर राग आला.

सोमवारी तो खरंच उभा राहिला. "सर, नोट्स राजमती चौगुलेंच्या हायत. माझं नुसतं नाव. तुम्ही शाबास म्हणालात, मी गप्प बसलो."

वर्ग खो खो हसला. सर कडाडले, "तुला प्रेडिकेट तरी कळलं का?"

"कळलं, सर. वाक्यात नावं कितीबी असू देत, कुणी काय केलं ते प्रेडिकेट ठरवतं. लिहिल्या त्यांनी. मिरवलं मी."

सरांनी त्याच्या सेमिनारला शून्य दिलं, वर्गाबाहेर काढलं आणि राजमतीला बोलायला उभं केलं. ती चाळीस मिनिटं बोलली. टाळ्या पडल्या. हवं ते सगळं मिळालं होतं, तरी तिची नजर सारखी मागच्या रिकाम्या बाकावर जात होती. राग काही केल्या उतरेना... आता नेमका कुणावर होता, तेही कळेना.

तो खाली पायऱ्यांवर बसला होता.

"शून्य घ्यायला कुणी सांगितलं होतं?" ती कडाडली.

"तुम्हीच की. वर्गात सांगा म्हणालात."

"मी म्हणाले की लगेच ऐकायचं?"

"जन्मभर ऐकीन..." तो खाली मान घालून म्हणाला, "चालणार असलं तर."

तिच्या नाकाचा शेंडा पुन्हा लाल झाला.

"मी अजून चिडलेय तुमच्यावर."

"व्हय."

"पुष्कळ वर्षं चिडलेलीच राहीन."

"राहा की. मी हाय."

"आणि तरी तुम्ही मला आवडता! त्याचाच तर जास्त राग येतोय!"

हे ती इतक्या मोठ्यानं ओरडली, की वरच्या खिडकीतून सरांनी डोकं बाहेर काढलं. राजमतीनं तिकडं बघितलंसुद्धा नाही. ती धप्पकन त्याच्या शेजारी पायरीवर बसली.