मागचा डावा स्पीकर

दिवा चालू राहू दे, माझी ना नाही. फक्त मध्ये बोलू नका.

माझा मेव्हणा लोकांच्या घरी ऑडिओ सिस्टीम बसवून द्यायचा. मेव्हणा असूनही तो खोटं बोलत नाही, म्हणून सांगतो.

गेल्या वर्षी एका वकिलाकडे त्यानं पाच स्पीकर बसवले. तीन समोर, दोन मागच्या भिंतीवर. त्या भिंतीपलीकडे, डाव्या अंगाला वकिलाच्या वडिलांची खोली. अर्धांगानं अंथरुणाला खिळलेला म्हातारा. दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागायची, त्यासाठी पडल्या पडल्या हाका मारायचा. वकील म्हणाला, “मागचा डावा जरा चढवा. सिनेमा बघताना ती कटकट नको.”

सेटिंगमध्ये प्रत्येक स्पीकरचा आवाज वेगळा ठेवता येतो. मेव्हण्यानं डावा शेवटच्या आकड्यापर्यंत नेला. हाक बुडाली. यानं हत्यारं आवरली आणि निघाला.

दीड महिन्यानं म्हातारा गेला. सिनेमा चालू असतानाच. सकाळपर्यंत कुणाला पत्ता नाही.

पुढच्याच आठवड्यात वकिलाचा फोन आला, की डाव्या स्पीकरचा आवाज रोज आपोआप उतरतो. मंगळवार होता. मेव्हणा रात्री साडेनऊला पोचला. वकिलाची बायको मुलाला घेऊन माहेरी गेलेली. घरात वकील एकटा, डोळे तारवटलेले.

मेव्हण्यानं मेनू उघडला, सगळ्या सेटिंग पुसल्या आणि नव्यानं मोजणी लावली. त्यात एक छोटा माइक बसायच्या जागी ठेवतात आणि अगदी गप्प राहायचं असतं. मशीन एकेका स्पीकरमधून टुक्‌ टुक्‌ करतं आणि तो किती लांब आहे ते पडद्यावर दाखवतं. माइक सोफ्यावर, वकिलाच्या मांडीला लागून होता.

चार स्पीकर बरोबर आले.

मागचा डावा. तीन मीटर.

मग अडीच.

मेव्हण्यानं वळून पाहिलं. स्पीकर भिंतीवरच होता.

दोन...

वकील सोफ्याच्या कडेला सरकला.

एक.

अर्धा...

टुक्‌ टुक्‌ थांबलं.

“बाळ्या... कूस बदलून दे रे.”

मेव्हण्यानं धावत जाऊन प्लग उपटला. पडदा विझला. घर चिडीचूप झालं. पण वकिलानं दोन्ही कान गच्च दाबून धरले होते आणि तो सारखी मान हलवत होता. नाही... नाही...

मेव्हण्यानं विचारलं, “अजून येतोय का?”

वकिलाला तो प्रश्न ऐकूच गेला नाही.

त्यानंतर त्याला काहीच ऐकू गेलेलं नाही. कानाचे डॉक्टर म्हणतात, कान ठणठणीत आहेत. पोटचा पोर कानाशी ओरडला तरी हा ढिम्म. वकिली गेली. फक्त दर दोन तासांनी, दिवसा, रात्री, तो दचकून उठतो. त्या खोलीत जातो. रिकाम्या पलंगावर वाकतो. दोन्ही हात खाली घालतो, आणि काहीतरी जड, जपून, कुशीवर वळवतो. मग तिथेच उभा राहतो. पुढच्या हुकमाची वाट बघावी तसा.

मेव्हण्यानं हे काम सोडलं. म्हणतो, तो आकडा मीच चढवला होता ना.

त्या रात्री तो डावा स्पीकर उतरवून त्यानं घरी आणला होता. मध्यरात्र उलटल्यावर मागचे आठ स्क्रू काढले. कारखान्यातून निघाल्यापासून कुणी हात न लावलेले. आत कापूस भरलेला असतो, आवाज घुमू नये म्हणून.

त्या कापसात मधोमध खळगा होता. उशीवरून नुकतंच कुणी डोकं उचलावं, तसा.

त्यानं हात लावून पाहिला.

कोमट होता.