वाळूचं पाणी निवळेपर्यंत

आमच्या उस्मानपुऱ्याच्या गल्लीत नळ आठव्या दिवशी येतो, अन् पैजा पण त्याच दिवशी लागतात. हंडे रांगेत, माणसं रिकामी… दुसरं करणार काय?

त्या दिवशी विषय होता शिवराज. वाळूजच्या फाउंड्रीत लोखंड ओतायच्या कामाला, तिशीला टेकलेला. चार वर्षांत गल्लीनं त्याच्या तोंडून दोनच शब्द ऐकलेले – ‘व्हय’ अन् ‘नाय’.

“हा गडी दिवाळीच्या आत एखाद्या पोरीला मनातलं बोलतो का नाय बघ,” इस्त्रीवाले सांडूभाऊ म्हणाले.

“बोलला तर मी क्रांती चौकात भर संध्याकाळी डोक्यावर हंडा घेऊन फेरी मारीन. तोंडानं लग्नाचा बँड वाजवत!” मी म्हणाले.

“अन् नाय बोलला तर मी मारीन. ठरलं, आशाबाई?”

“ठरलं.”

माझा हात त्यांच्या हातात होता तेवढ्यात समोरच्या ओट्यावर पांढरा ढग उठला.

ढगात होती दीपमाला. मूळची दौलताबादची, शाळेत चित्रकला शिकवते, वरच्या मजल्यावर नवीनच राहायला आलेली. वीस किलो सिलिका वाळूचं पोतं तिनं टपात धबाधबा ओतलं होतं, कोरडंच. शिवराज रातपाळी करून येत होता, तो पळतच आला.

“थांबा! हलवू नका! मागं या आधी. ती धूळ नाकात घेऊ नका!”

सांडूभाऊंनी माझ्याकडं बघून चार बोटं दाखवली. चार वाक्यं!

त्यानं ढग बसू दिला. खिशातला कारखान्याचा मास्क नाकावर चढवला अन् हंडाभर पाणी हळूच वाळूवर सोडलं. हंडा माझा होता. दीपमाला खराटा घेऊन आली, तर म्हणाला, “झाडू नका. ओलं फडकं आणा.”

“एवढं काय वाळूला भ्यायचं?” ती हसली. “माझे दोन मासे राहणारेत हिच्यात. लोच म्हणतात त्यांना. तळात नाक खुपसायची सवय, अन् खडीनं मिशा झिजल्या बिचाऱ्यांच्या.”

“माशांला काय होत नाय. पाण्यात ही गरीब असती. कोरडी असली की उडती… डोळ्याला दिसत नाय, अन् छातीत जाऊन बसती.” त्यानं मास्क नाकावर नीट दाबला. “माझ्या वडलांच्या बसली. तीस वर्षं फाउंड्रीत साच्याची वाळू चाळली त्यांनी. तवा मास्क कुठं होते.”

दीपमालाचं हसू गेलं. तिनं फडकं पिळलं.

मग धुणं सुरू झालं. तो टपात हात घालून वाळू खालीवर करायचा, ती दुधासारखं पाणी माझ्या जास्वंदीला ओतायची. पाचव्या पाण्याला नळ गेला. वाळू अजून गढूळच.

“आता?”

“आता… आठ दिवसांनी.”

“तोवर?”

“तोवर ओलीच ठेवा. झाकून.”

पण गडी आठ दिवस कुठला थांबतोय! चौथ्या दिवशी सिरक्याची, म्हणजे व्हिनेगरची, बाटली घेऊन ओट्यावर हजर. चिमूटभर वाळूवर थेंब टाकला, अन् दोघं डोकी जवळ आणून बघत बसले. मी खिडकीत मेथी निवडत होते. एक काडी निवडायला मला पंधरा मिनिटं लागली.

“फेस नाय आला,” ती हळूच म्हणाली.

“म्हणजे चांगली हाय. चुनखडी असती तर फसफसली असती. माशांच्या टाकीतलं पाणी जड झालं असतं.”

“तुमच्या कारखान्यातली फुकटची आणली असती ना…”

“नको! वापरलेल्या वाळूला रसायन चिकटलेलं असतं. मासे मरतील.”

“अन् तुम्ही?”

तो बाटलीचं झाकण फिरवत बसला. “मास्क लावतो. दरसाल छातीचा फोटो काढतो. पण आईनं एकदा सगळं बघितलंय. आणखी कुणाला कशाला बघायला लावायचं?”

“त्या आणखी कुणाला… विचारलं का कधी?”

झाकण केव्हाच बसलं होतं. तो फिरवतच राहिला.

पुढच्या नळाला पाणी निवळत आलं. तळातली वाळू साखरेसारखी चमकायला लागली. शिवराजच्या तोंडाला मात्र कुलूप! आता टप उचलला की ती वर जाणार, हा घरी जाणार. पैज मी जिंकत होते, अन् मलाच कसंतरी व्हायला लागलं. दीपमाला पाठमोरी झाली तशी मी कुंडीतली मूठभर माती टपात टाकली.

“अगं बाई! परत गढूळ?”

“आणखी दोन पाणी लागतील,” मी म्हणाले, अन् माझे प्यायचे दोन हंडे पुढं सरकवले. मला ऊन लागलंय अशा नजरेनं सांडूभाऊ बघायला लागले.

शिवराजनं माती बघितली. मग मला बघितलं. उठून घरात गेला, अन् मोठा खाकी लिफाफा घेऊन आला.

“काय हाय हे?” दीपमालानं विचारलं.

“छातीचा फोटो. डॉक्टर म्हणतात, स्वच्छ हाय. तुम्ही म्हणल्या ना, विचारलं का… म्हणून विचारतो.”

कुणाचा तरी हंडा भरून वाहत होता. कुणी सरकवला नाय.

तिनं हात पुसले, फोटो उन्हाकडं धरला. बरगड्या, मधी काळजाची सावली. लई वेळ बघत राहिली.

“यात मी कुठंच दिसत नाय,” ती म्हणाली.

त्यानं मान खाली घातली. “जानेवारीतला हाय. तवा तुम्ही इथं आल्या नव्हत्या.”

ती हसली… अन् फोटो परत न देता पदराखाली धरून वर गेली.

दोघांनी मिळून माशांच्या टाकीत दोन बोटं वाळू पसरली. वर बशी ठेवून तिच्यावर बारीक धारेनं पाणी सोडलं, म्हणजे तळ ढवळत नाय. दोन दिवस पाणी मुरू दिलं. मग मासे सोडले, तर ते सरळ वाळूत घुसले, डोळे तेवढे बाहेर!

अन् मी क्रांती चौकात. डोक्यावर हंडा, गाल फुगवलेले, “ढँटढँ ढँटढँ!” पुढं सांडूभाऊ रुमाल उडवत नाचतायत. ट्रॅफिक पोलिसानं शिट्टी तोंडातनं काढली.

“काय चाललंय मावशी?”

“वरात!”

“कुणाची?”

सिग्नलला स्कुटी उभी होती. मी हंडा सांभाळत तिकडं बोट केलं. शिवराजनं घाईघाईनं मास्क डोळ्यांपर्यंत ओढला. मागं बसलेल्या दीपमालानं हात पुढं घालून तो हनुवटीखाली उतरवला.

“इथं वाळू नाय. दिसू द्या की लोकांना.”

फेरी एकच ठरली होती. मी दुसरी सुरू केली.